साप जेवत नाही, त्याची गोष्ट

नागपंचमी जवळ आली की दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला पिढ्यान्‌पिढ्यांचा: साप दूध पितो का? दुसरा गेल्या काही वर्षांतला, शहरातल्या फ्लॅटमधून येणारा: घरी बॉल पायथन पाळलाय, तीन महिने झाले तोंड लावत नाहीये, काय करू?

वरवर पाहिलं तर हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक श्रद्धेचा, दुसरा हौसेचा. पण दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. आपण सापाला आपल्या ताब्यात घेतो, आपल्याला सोयीच्या जागी ठेवतो आणि मग त्याने जेवावं अशी अपेक्षा करतो. तो जेवत नाही. मग आपण त्याच्या तोंडात काहीतरी घालायला जातो.

या "काहीतरी घालण्याचा" सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. तो नीट वाचला तर फ्लॅटमधल्या पायथनचं उत्तर मिळतं. आणि त्याहून मोठ्या, तुमच्याआमच्या जिवाशी संबंधित एका प्रश्नाचंही.

सुरुवात व्हिएतनामपासून करू.

आपल्याकडे बाळ जन्मलं की दंडावर बीसीजीची लस टोचतात. त्यातला 'सी' म्हणजे काल्मेट. अल्बेर काल्मेट हा फ्रेंच डॉक्टर १८९१ साली सायगावमध्ये पाश्चर इन्स्टिट्यूटची प्रयोगशाळा उभी करत होता. त्याच वर्षी बाक लिएऊ भागात पूर आला आणि पाण्याने बिळातून बाहेर काढलेले नाग वस्तीत शिरले. चाळीसेक लोकांना दंश झाला, त्यातले चार दगावले. तिथल्या एका माणसाने १९ नाग जिवंत पकडून पिंपात भरले. ते सायगावला पोचले तेव्हा १४ जिवंत होते. या नागांच्या विषावर काम करता करता काल्मेटला वाट सापडली. घोड्याला विष अगदी थोड्या प्रमाणात, हळूहळू वाढवत टोचायचं. घोड्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध जे तयार होतं, ते दंश झालेल्या माणसाला द्यायचं. आज सरकारी दवाखान्यात आपण ज्याला "सापाची लस" म्हणतो, ती मुळात हीच.

पुढे काल्मेट फ्रान्समध्ये लील शहरातल्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा प्रमुख झाला. लस करायची म्हणजे विष सतत लागणार, विष हवं म्हणजे जिवंत साप हवेत. जगभरातून साप लीलला यायला लागले. आणि तिथेच गाडं अडलं. साप जेवेनात. पिंजऱ्यात उंदीर सोडला तर त्याला दंश करून मारायचे, पण गिळायचे नाहीत. आठवडे जायचे, साप वाळत जायचे, विष कमी व्हायचं आणि शेवटी मरायचे.

काल्मेटने यावर काढलेला उपाय त्याच्या १९०७ सालच्या सर्पविषावरच्या ग्रंथात आहे. एकाने सापाचं डोकं पकडायचं, दुसऱ्याने लांब नळीचं नरसाळं थेट अन्ननलिकेत सरकवायचं आणि वरून फेटलेलं अंडं ओतायचं. साप जगवायचा तो असा.

त्याला क्रूर म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण त्या काळात सर्पदंशावर दुसरं औषधच नव्हतं, हे विसरू नये. साप जगला तर विष, विष असेल तर लस, लस असेल तर माणूस. नरसाळं या साखळीतली पहिली कडी होतं.

आता मुंबईत या. परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाउसमध्ये १८९९ साली प्लेगवरची प्रयोगशाळा आली. आज आपण तिला हाफकिन इन्स्टिट्यूट म्हणून ओळखतो. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला तिथे जॉर्ज लॅम्ब नावाचे डॉक्टर भारतीय सापांच्या विषावर प्रयोग करत होते. त्यांनी एक फार महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली: नागाच्या विषापासून केलेली लस घोणशीच्या विषावर चालत नाही. काल्मेटला वाटत होतं की एकच लस सगळ्या सापांना पुरेल. तसं नव्हतं. म्हणजे ज्या ज्या सापावर लस हवी, तो तो साप जिवंत हवा. नागाबरोबर घोणस, मण्यार, फुरसं, सगळेच. अडचण चौपट झाली. कोंडल्यावर न जेवणारा एक साप नाही, न जेवणाऱ्या चार जाती सांभाळायच्या.

ब्राझीलने दुसरी युक्ती केली. साव पाउलोच्या बुतांतान संस्थेत व्हितल ब्राझील या डॉक्टरने शेतकऱ्यांशी देवाणघेवाण सुरू केली. तुम्ही साप पकडून पेटीत घालून रेल्वेने पाठवा, बदल्यात लस घेऊन जा. लोकांना लस मिळाली, संस्थेला नवे साप मिळत राहिले. साप जगवण्याचा प्रश्न मात्र सुटला नाही. तो फक्त नव्या सापांनी भरून निघत राहिला.

मग सापाच्या भुकेचं गणित सुटलं कुठे? एका प्राणिसंग्रहालयात.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ साली सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी वेगळं घर बांधलं गेलं. जगातलं पहिलं. लोक साप खाताना बघायला गर्दी करत, पण साप खायचा तो त्याच्या मर्जीने. थंडीत ऊब मिळावी म्हणून मोठ्या सापांना लोकरीची घोंगडी दिली जात. त्यातल्या एकाने सशाऐवजी ती घोंगडीच गिळली आणि काही आठवड्यांनी तशीच बाहेर टाकली. लोकांची करमणूक झाली. पण सापाला ऊब देण्याचं काम किती अंदाजपंचे चाललं होतं, हे त्या घोंगडीवरून कळतं.

१९२७ साली त्याच प्राणिसंग्रहालयात नवं सर्पगृह उघडलं. त्याची आखणी जोन प्रॉक्टर या बाईंनी केली होती. लहानपणापासून तब्येतीने अधू, विद्यापीठाची पदवी नाही, पण सापा-सरड्यांची जाण अशी की अवघ्या पंचविशीत त्यांच्याकडे या विभागाची सूत्रं आली. त्यांनी पिंजऱ्यांमध्ये वेगवेगळ्या भागांत वेगवेगळी ऊब ठेवली. एका कोपऱ्यात गरम, दुसऱ्या कोपऱ्यात गार. अतिनील किरण आत येऊ देणारी खास काच बसवली, लपायला आडोसे दिले. १९३१ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी त्या वारल्या. पण आज जगात कुठेही चांगलं सर्पोद्यान बांधलं जातं ते याच तत्त्वावर.

हे तत्त्व काय, ते आपल्या भाषेत समजून घेऊ. आपल्या अंगातली उष्णता आपण स्वतः तयार करतो, त्यासाठी आपल्याला रोज जेवावं लागतं. साप ती उष्णता उन्हातून, तापलेल्या दगडातून घेतो. म्हणून त्याला जेवण कमी लागतं. पण याचीच दुसरी बाजू अशी की बाहेरची ऊब मिळाली नाही तर त्याला खाल्लेलं पचवता येत नाही. पोटात अख्खा उंदीर आणि अंग गार, म्हणजे तो उंदीर पोटातच सडणार. त्यामुळे थंडीत न जेवणारा साप हट्टी नसतो, शहाणा असतो.

आणि उपाशी राहण्यात त्याचा हात कुणी धरणार नाही. २००७ साली अमेरिकेत मार्शल मॅक्यू या संशोधकाने काही साप जवळजवळ सहा महिने उपाशी ठेवून अभ्यासले. त्यात बॉल पायथनही होते. सापांनी आपल्या शरीराचा खर्च ७२ टक्क्यांपर्यंत खाली आणला होता. दुसरीकडे, मोठा अजगर जेवला की दोन-तीन दिवसांत त्याच्या हृदयाचा आकार सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो, आतडी फुगतात, सगळा कारखाना सुरू होतो. जेवण संपलं, पचलं की कारखाना पुन्हा बंद. सापाचं शरीर बनलंच आहे "आज आहे, पुन्हा केव्हा कुणास ठाऊक" या हिशोबाने. रोज वरणभात खाणाऱ्या आपल्याला ते लक्षात येत नाही, म्हणून तीन आठवड्यांत आपला जीव खालीवर होतो.

आता आपल्या अंगणात येऊ. गारुड्याच्या टोपलीत.

दुधाची वाटी म्हणजे आपल्याकडचं नरसाळंच. दूध हे सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचं अन्न. सापाला ते पचत नाही. तरी नागपंचमीला साप दूध पिताना दिसतो तो कसा? त्याला आधी कित्येक दिवस पाणी दिलेलं नसतं. तहानेने व्याकूळ झालेला जीव समोरचं कुठलंही ओलं प्यायला जातो. बरं, सापाच्या श्वासनळीचं तोंड जबड्यात अगदी पुढे असतं. दूध तिथून फुफ्फुसात गेलं की न्यूमोनिया. त्यात दात उपटलेले, काही वेळा तोंड शिवलेलं. असा साप सोडून दिला तरी शिकार करू शकत नाही. सण संपतो आणि पुढच्या काही आठवड्यांत तो कुठेतरी मरून जातो. ते कुणी पाहत नाही, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा वाटी पुढे येते.

हा समज मोडायला महाराष्ट्रात लोकांनी आयुष्यं घातली. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत ७२ तास काचेच्या खोलीत राहिले. साप उगाच चावत नाही, एवढंच त्यांना दाखवायचं होतं. १९८६ साली कात्रजचं सर्पोद्यान उभं राहिलं. आज गावोगावी जे सर्पमित्र आहेत, ते त्याच काळात रुजलेल्या चळवळीचं पीक.

बत्तीस शिराळ्याचं नाव इथे घ्यावंच लागेल, आणि ते सरसकट गारुड्यांच्या रांगेत बसवून चालणार नाही. सांगली जिल्ह्यातल्या या गावात नाग पकडून, मडक्यात ठेवून, पूजा करून पुन्हा सोडण्याची परंपरा होती. दात काढत नाही, नागाला इजा करत नाही, जिथून आणला तिथेच सोडतो, हा शिराळकरांचा अभिमान. त्यांची बाजू कुणी ऐकत नाही ही त्यांची तक्रारही खरी. पण गर्दी, मिरवणुका, स्पर्धा, फोटो हे सगळं वाढत गेलं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर जिवंत नागांचं प्रदर्शन बंद झालं. २०२५ साली केंद्र सरकारने २१ जणांना, पारंपरिक ज्ञान पुढच्या पिढीला देण्यापुरती, अटी घालून नाग पकडायची परवानगी दिली. मिरवणूक नाही, स्पर्धा नाही, करमणूक नाही. परवानगी योग्य की अयोग्य यावर भांडण चालू राहील. माझ्या मते कसोटी एकच हवी: नाग किती दिवस मडक्यात राहिला आणि बाहेर पडला तेव्हा कोणत्या अवस्थेत होता.

कारण मडक्याचीच एक दुसरी गोष्ट आहे, आणि ती अभिमानाने सांगण्यासारखी आहे.

तमिळनाडूतले इरुळा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या साप पकडणारे. एकेकाळी त्यांचं पोट सापांच्या कातड्यांच्या व्यापारावर चालायचं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, पाठोपाठ कातड्यांची निर्यात बंद झाली आणि या लोकांची चूल विझली. १९७८ साली रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकाराने इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. चेन्नईजवळ वडनेम्मेली इथे तिचं काम चालतं. नाग, घोणस, मण्यार, फुरसं पकडायचे, मातीच्या मडक्यात ठेवायचे, तोंडाला कापड बांधायचं. साधारण तीन आठवड्यांत काही वेळा विष काढायचं, पोटाखालच्या खवल्यावर खूण करायची म्हणजे तोच साप पुन्हा लगेच पकडला जाणार नाही, आणि जंगलात सोडून द्यायचा.

बघा, काल्मेट सापाला जेवायला लावत होता. इरुळांनी तो प्रश्नच बाजूला ठेवला. तीन आठवडे म्हणजे सापाच्या दृष्टीने दोन जेवणांमधलं अंतर. तो उपासाने खंगायच्या आत घरी पोचलेला असतो. २०२३ साली या समाजातल्या वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना पद्मश्री मिळाली, ती उगाच नाही. देशातल्या लसीसाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं याच मडक्यांतून आला.

इथे आपल्या जिवाचा संबंध येतो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे की २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली. वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. शिवाय एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशागणिक बदलतं, हेही आता सिद्ध झालंय. तमिळनाडूतल्या सापाच्या विषापासून केलेली लस दुसऱ्या राज्यातल्या दंशावर तितकीच चालेल याची खात्री नाही. म्हणजे ठिकठिकाणी विषसंकलन केंद्रं लागणार. केंद्र सरकारने २०२४ साली सर्पदंशाचे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणायचा कृती आराखडा जाहीर केलाय, त्याचा विचार करताना हा मुद्दा टाळता येणार नाही.

आणि तिथे जुना पेच पुन्हा उभा राहतो. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं असं की विष शक्यतो कायम सांभाळलेल्या, नोंद असलेल्या, निरोगी सापांचं हवं. म्हणजे साप वर्षानुवर्षं ठेवायचे, म्हणजे त्यांनी जेवलं पाहिजे. इरुळा पद्धत म्हणते, ठेवूच नका, सोडून द्या. दोन्हीत तथ्य आहे. पण उद्या महाराष्ट्रात असं केंद्र झालं तर पहिला खर्च भिंतींवर आणि फलकावर नको. तो ऊब, आडोसा, स्वच्छता, सापांचे पशुवैद्य आणि साप जाणणारी माणसं यांच्यावर हवा. नाहीतर आपण १९०७ च्या नरसाळ्यावर परत येऊ, फक्त नरसाळं स्टीलचं असेल.

राहिला तो फ्लॅटमधला पायथन.

आधी कायदा. नाग, घोणस, धामण, अजगर हे आपले साप घरात ठेवणं गुन्हा आहे, मग ते कितीही प्रेमाने ठेवा. बॉल पायथन परदेशी, घाना-टोगो-बेनिनकडचा. बेनिनमधल्या विदा गावात त्याचं देऊळ आहे, तिथे त्याला कुणी इजा करत नाही. आणि त्याच प्रदेशातून लाखो पायथन पाळण्यासाठी जगभर गेले. अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या केंद्रीय नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर करावी लागते. बँकॉकहून बॅगेत लपवून आणलेले पायथन मुंबई विमानतळावर पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. ज्या पिल्लाचा प्रवास बॅगेतून सुरू झाला, ते पहिले काही महिने जेवलं नाही तर नवल ते काय?

ज्यांच्याकडे रीतसर नोंदणी केलेला पायथन आहे आणि तो खात नाहीये, त्यांनी आधी खाणं बदलू नये, जागा तपासावी. पेटीच्या एका बाजूला साधारण ३१-३२ अंश आणि दुसऱ्या बाजूला २५-२७ अंश तापमान आहे का, हे थर्मामीटरने बघा, हाताने नाही. दोन्ही बाजूंना अंग घट्ट बसेल असा आडोसा हवा. हा साप मुळात बिळात आणि वारुळात राहणारा, उघड्या काचेत तो सतत धास्तावलेला असतो. डोळे दुधाळ निळसर दिसत असतील तर कात टाकायची वेळ आहे, थांबा. नर असेल तर विणीच्या हंगामात महिनोन्‌महिने खात नाही, तेही नेहमीचंच. रोज उंदीर नाचवू नका, दहा-पंधरा दिवसांनी एकदा संध्याकाळी द्या आणि मधल्या काळात त्याला हाताळू नका. जिवंत उंदीर आत सोडून झोपू तर मुळीच नका, उंदीरच सापाला कुरतडतो. दर आठवड्याला वजन करून वहीत लिहा. वजन टिकून असेल तर काळजी नाही. दहा टक्क्यांहून जास्त घटलं, तोंडात फेस किंवा पू दिसला, श्वासाचा आवाज यायला लागला, तर थेट सापांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे. नळीने भरवणं हे त्यांचं काम. व्हिडिओ बघून घरी करायचं नाही. श्वासनळी आणि अन्ननलिका यांत बोटभरही अंतर नसतं.

आणि कंटाळा आला म्हणून टेकडीवर सोडून देऊ नका. तो मरेल किंवा इथल्या सापांना रोग देईल. वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. टोपलीत नाग घेऊन कुणी दारात आला तरी हाच क्रमांक. गारुड्याशी हाणामारी नको, त्याचंही पोट आहे. इरुळांना जसा दुसरा मार्ग मिळाला तसा त्याला मिळत नाही, ही आपल्या व्यवस्थेची उणीव आहे.

शेवटी एक आठवण करून देतो. आपल्या आया-आज्या नागपंचमीला काय करायच्या? भिंतीवर किंवा पाटावर नाग काढायच्या, लाह्या वाहायच्या. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, खणायचं नाही. घरधनी शेतात नांगर धरायचा नाही. कहाणीतसुद्धा शेतकऱ्याच्या नांगराखाली नागाची पिल्लं सापडतात, तिथूनच सगळा अनर्थ सुरू होतो. म्हणजे सणाचा मूळ सांगावा सापाच्या तोंडापुढे वाटी धरण्याचा नव्हताच. त्याच्या बिळाला धक्का लावू नका, एवढाच होता.

पटलं तर नागपंचमीच्या आधी घरच्या ग्रुपवर पाठवा. विशेषतः त्या ग्रुपवर, जिथे दरवर्षी नागाचा दूध पितानाचा व्हिडिओ येतो.